करार झाला, पुढे?

मागच्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ते परीक्षा विभागात होते. आता एका जिल्ह्याच्या गावी नव्या खासगी विद्यापीठात कुलसचिव झालेत. "मॅडम, आमच्या कुलगुरूंना युनिव्हर्सिटी इंटरनॅशनल करायची आहे. दोन पानांची एक नोट काढून द्या ना." मी विचारलं, "सध्या परदेशी विद्यार्थी किती आहेत?" म्हणाले, "अजून एकही नाही. पण परदेशी विद्यापीठांशी करार सात झालेत."

म्हणजे साखरपुडे सात आणि लग्न एकही नाही.

नोट दोन पानांत बसेना. म्हणून इथेच लिहून टाकते, त्यांना लिंक पाठवीन. आणखी कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात माझी जवळजवळ सगळी नोकरी गेली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, कक्ष अधिकारी म्हणून बाहेर पडले. परिसंवादात बोलायला मला कोणी बोलावत नसे. शिष्टमंडळ आलं की शाली, श्रीफळं आणि चहा-सामोशांची ऑर्डर माझ्याकडे असायची. तेव्हा हे सगळं टेबलाच्या अलीकडच्या बाजूने लिहिलेलं आहे, हे वाचताना ध्यानात असू द्या.

कुलगुरूंना हे आत्ताच का सुचलं ते उघड आहे. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक विद्यापीठ-रँकिंगमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला ५ टक्के वजन आहे, परदेशी प्राध्यापकांच्या प्रमाणाला ५ टक्के, आणि बाहेरच्या संस्थांबरोबर मिळून केलेल्या संशोधनाला आणखी ५ टक्के. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या विषयावर वेगळा मजकूर आहे. २०२२ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवायची मुभा दिली. शिवाय त्यांच्याकडून फी जास्त घेता येते. नाव आणि पैसा दोन्ही. माझी त्याला हरकत नाही. रँकिंगच्या निमित्ताने का होईना, चार खोल्यांना रंग लागतो.

पण त्या सात करारांचं काय होणार, ते मी आजच सांगू शकते. करार कसा होतो हे मी इतक्यांदा पाहिलंय. तिकडून तीन-चार मंडळी येतात. पुणेरी पगडी घातली जाते (ती हमखास लहान निघते आणि पाहुणे फोटो होईपर्यंत मान ताठ धरून बसतात). विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, प्राध्यापकांची देवाणघेवाण, संयुक्त संशोधन, आणि 'उभय पक्षांना मान्य असेल असे अन्य काहीही' एवढा मजकूर असलेल्या कागदावर सह्या होतात. मुदत पाच वर्षं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि नस्ती माझ्या कपाटात. त्या कागदावर एका गोष्टीचा पत्ता नसतो: हे काम करणार कोण आणि त्याला पैसे कुठल्या लेखाशीर्षातून मिळणार. पाच वर्षांनी नूतनीकरणाची टिपणी वर जाते. तिच्यात 'मधल्या काळात झालेले कामकाज' असा एक रकाना असतो. तो भरताना मी काय काय लिहिलंय ते सांगत नाही, पण 'ई-मेलद्वारे संपर्क कायम आहे' हे वाक्य मला पाठ झालं होतं.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय होणं म्हणजे आपण तिकडे जाऊन येणं. जायची हौस सगळ्यांना असते. येणाऱ्याची सोय बघायला कोणी नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आलेल्या विद्यार्थ्याचं काम, प्रवेशापासून शेवटच्या ट्रान्सक्रिप्टपर्यंत (म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत कागद), जे विद्यापीठ वेळेत आणि न खेकसता करून देतं, त्याच्याकडे करार आपण होऊन येतात. उलटं होताना मी पाहिलेलं नाही.

आणि येणारे कोण, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवं. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत २०२१-२२ साली देशभरात परदेशी विद्यार्थी होते ४७ हजारांच्या आत. एवढ्या मोठ्या देशात एवढेच. त्यातले चारातल्या एकापेक्षा जास्त नेपाळचे. मग अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती अशी उतरंड. पुण्याला तर ही मुलं नवी नाहीतच. इराणी, सुदानी, येमेनी, इराकी, केनिया-टांझानियाची, मॉरिशसची मुलं इथल्या पेठांत आणि कॅम्पात राहून शिकली. सिंबायोसिसची गोष्ट पुण्यात सगळ्यांना माहीत आहे: शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मॉरिशसचा एक मुलगा काविळीने आजारी, खोलीत एकटा, आणि त्याच्याच देशातली एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देतेय, हे त्यांनी पाहिलं. त्यातून १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती संस्था निघाली. सुरुवात कुठल्या कराराने झाली नव्हती, जेवणाच्या डब्याने झाली होती.

पण आमच्याकडे 'परदेशी पाहुणे' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गोरा माणूस. त्याच्यासाठी गेस्ट हाऊसचा गिझर आदल्या दिवशी दुरुस्त होतो. आणि सुदानचा पीएचडीचा विद्यार्थी, जो पाच वर्षं इथे राहणार, इथे फी भरणार, परत जाऊन तिकडे प्राध्यापक होणार आणि आपल्या विद्यार्थ्यांना इकडे पाठवणार, तो फाटकावर ओळखपत्र दाखवून दाखवून कंटाळतो. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मात्र सोनेरी केसांची मुलगी, जी कुठल्याशा फोटोच्या साइटवरून उतरवलेली असते. कुलसचिवसाहेब, तुमच्याकडे पहिल्या वर्षी जी मुलं येतील ती बहुधा नेपाळ, बांगलादेश, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतली असतील. त्यांच्यासाठी तयारी करा. जर्मनीची पुढे बघू.

तयारी म्हणजे काय? प्रवेशाचा फॉर्म उघडा. आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. अफगाण मुलांच्या पासपोर्टवर पुष्कळदा एकच नाव असतं. इंडोनेशियाच्या मुलांचंही तसंच. आमचं सॉफ्टवेअर आडनावाचा रकाना रिकामा सोडू देत नव्हतं. ऑपरेटर मुलगा चलाख, त्याने तिथे एक टिंब टाकलं. फॉर्म पुढे सरकला. ते टिंब हॉल तिकिटावर आलं, तिथून मार्कशीटवर आलं, शेवटी पदवीच्या प्रमाणपत्रावर ठळक छापलं गेलं. मुलगा ती पदवी घेऊन साक्षांकनासाठी वकिलातीत गेला, तर तिथला अधिकारी म्हणतो, पासपोर्टवर हे टिंब नाही, ही पदवी तुझीच कशावरून? मग प्रतिज्ञापत्र, मग नावदुरुस्तीचा अर्ज, मग परीक्षा विभागाचं उत्तर की आम्ही एलिजिबिलिटीच्या कागदावर आहे तेच छापलं, तुम्ही पात्रता विभागाकडे जा. त्या मुलाचा तिकडच्या नोकरीवर रुजू व्हायचा दिवस टळून गेला. पुढे तो रकाना ऐच्छिक करून घेतला. संगणक विभागाला त्याला अर्धा तास लागला. परवानगीला एक अख्खं सत्र गेलं.

पात्रता विभागाचं आणखी एक सांगते. 'मूळ मायग्रेशन सर्टिफिकेट जोडा' ही ओळ आपल्या प्रत्येक फॉर्मवर असते. म्हणजे दुसरीकडे शिकायला जायला हरकत नाही, असा आधीच्या विद्यापीठाचा दाखला. आपल्याकडे आणि शेजारच्या देशांत हा कागद मिळतो. जगात बहुतेक ठिकाणी असा कागदच नाही. बगदादहून आलेल्या मुलाला तुम्ही 'मायग्रेशन आणा' म्हणालात तर तो बिचारा आणणार कुठून? तो आईला फोन लावतो, आई कॉलेजात जाते, कॉलेजवाले म्हणतात असं काही नसतं. इकडे आमचा माणूस म्हणतो नियम आहे. असा तिढा सोडवायला जो लागतो तो एक साधा आदेश: तिकडचं शिक्षण इथल्या तोडीचं आहे असं सांगणारं समकक्षता प्रमाणपत्र आणि मूळ मार्कशीट असेल तर मायग्रेशन मागू नये. हा आदेश प्रवेश सुरू व्हायच्या आधी काढून ठेवा. ऑगस्टमध्ये काढलात तर उपयोग नाही.

मग पोलीस नोंदणी. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. पूर्वी मुलं पोलीस आयुक्तालयात रांगा लावायची, २०१८ पासून अर्ज ऑनलाइन झाले. ऑनलाइन झालं तरी कागद तेच: बोनाफाईड, पासपोर्ट, व्हिसा आणि राहण्याचा पुरावा. घोडं तिथे अडतं. घरमालकाने परदेशी माणूस ठेवला तर त्याला २४ तासांच्या आत तसं कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरावा लागतो. फॉर्म किरकोळ आहे, पण 'पोलीस' हा शब्द ऐकला की आमचे सदाशिव पेठेतले काका-काकू म्हणतात, नको बाई ती भानगड. जो घरमालक तयार होतो तो भाडं दीडपट सांगतो आणि करार रजिस्टर करायला टाळाटाळ करतो. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून नोंदणी नाही, आणि १४ दिवस उलटले की दंड. मुलगा या शहरात येऊन पंधरा दिवस झालेले नसतात आणि तो कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरायच्या बेतात असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी वसतिगृहात खोली देता येत नसेल तर परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देऊ नये. जाहिरातीत जागा कितीही दाखवा. आधी खाटा मोजा.

वसतिगृह म्हटलं की मेस आली. दिवाळीत मेस बंद होते, कारण आपली मुलं घरी जातात. दोहा किंवा दार एस सलामची मुलं कुठे जाणार? ती दहा-बारा दिवस मॅगी आणि केळ्यांवर काढतात. रमजानमध्ये उजाडायच्या आधी, सहरीला, काहीतरी पोटात जायला लागतं आणि मेसचं कुलूप साडेसातला निघतं. यावर आम्ही फार मोठं काही केलं नाही. मेसच्या कंत्राटात दोन कलमं घातली: सुट्टीत अमुक इतकी माणसं असली तर एक वेळचं जेवण बंद करता येणार नाही, आणि रमजानचा महिना रात्रीच डबे भरून ठेवायचे. कंत्राटदाराने थोडी कुरकुर केली, मग त्यालाच ते फायद्याचं वाटू लागलं, कारण आपली मुलंही सुट्टीत थांबायला लागली. नंतर तो माणूस शेवया करायला शिकला. पोरं म्हणायची, काका, गोड कमी. तो म्हणायचा, माझ्या हाताने साखर कमी पडतच नाही.

आता वर्गात चला. आपल्या प्राध्यापकांची पद्धत म्हणजे दहा मिनिटं इंग्रजी, मग 'कळलं का रे?', मग मराठीत एक किस्सा, वर्ग हसतो, परत इंग्रजी. येमेनचा एक विद्यार्थी मला म्हणाला होता, "मॅडम, मला विषय समजतो. फक्त सगळे का हसतात ते समजत नाही." प्राध्यापकाला मराठी बोलू नका असं मी कधीच सांगणार नाही, मराठी मुलांना ती लागते. उपाय दुसऱ्या टोकाने करायचा. येणाऱ्या प्रत्येक परदेशी मुलाला पहिल्याच सत्रात मराठी शिकवा, क्रेडिट देऊन, म्हणजे पदवीत धरलं जाईल असं, शिकवा. 'फन ॲक्टिव्हिटी' म्हणून शनिवारी दुपारी तासभर नको. रिक्षावाल्याशी, मेसवाल्याशी, बँकेतल्या माणसाशी बोलण्यापुरती मराठी आली की त्या मुलाचे अर्धे अर्ज माझ्या टेबलापर्यंत येतच नाहीत.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या मध्य-पश्चिम भागातल्या छोट्या कॉलेजांचा एक गट दशकानुदशकं आपले विद्यार्थी पुण्याला पाठवायचा. ती मुलं मराठी शिकायची आणि पुण्यातल्या कुटुंबांत राहायची. सकाळी आजीबरोबर पोहे, संध्याकाळी वहीत क्रियापदं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्गही पुण्यातच भरत आले. आंबेडकरी चळवळीवर आयुष्यभर काम केलेल्या एलिनॉर झेलियट कार्लटन कॉलेजात शिकवत आणि इथे पुन्हा पुन्हा येत. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या मराठी बोलीवर त्यांनी पीएचडीचं काम केलं, परदेशी लोकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली आणि फलटणलाच राहिल्या. शाळा काढली, नागरिकत्वही इथलंच घेतलं. फलटणमध्ये तेव्हा कुठल्या विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय केंद्र होतं? तेव्हा जिल्ह्याच्या गावी आहोत म्हणून कोण येणार, हे रडगाणं कुलगुरूंना गाऊ देऊ नका. तुमच्याकडे ऊस आहे, दुष्काळ आहे, सहकार आहे, वारी तुमच्या दारावरून जाते. अभ्यासाला माणूस यायचा तर यासाठीच येईल. संगमरवरी फरशीचा सेमिनार हॉल बघायला येणार नाही. तसले त्याच्याकडे पुष्कळ आहेत.

थोडं आपल्या मुलांना बाहेर पाठवण्याबद्दल, कारण करारातला तो भाग कुलगुरूंना जास्त आवडतो. युरोपातल्या विद्यापीठात एका सत्राला ३० क्रेडिट असतात, कारण ते विद्यार्थ्याच्या एकूण कष्टाचे तास धरतात, एका क्रेडिटला २५ ते ३०. आपण मुख्यतः वर्गातले तास धरतो, थिअरीला एका क्रेडिटमागे १५, आणि सत्राला होतात २० ते २२. दोन्हीकडे पुरं एक सत्रच, मोजमाप निराळं. आमची एक मुलगी युरोपात सत्र करून परत आली, ३० क्रेडिटची मार्कशीट घेऊन. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "आम्हाला २२ लागतात. वरचे ८ कुठे दाखवू?" आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो त्याहून अवघड होता: यातला कुठला पेपर आमच्या कुठल्या पेपरच्या जागी? तिने तिकडे घेतलेल्या एकाही विषयाचं नाव आमच्या अभ्यासक्रमाशी जुळेना. त्यात जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, जपानचं वर्ष एप्रिलला, आणि आपली पहिल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे गेलेलं मूल आपल्या परीक्षेला गैरहजर. निकालावर 'अनुपस्थित' आणि डोक्यावर एटीकेटी. परदेशी शिकून आल्याबद्दल आपण पोराला नापास करतो.

यावर औषध आहे आणि ते मुलगी विमानात बसायच्या आधी घ्यायचं असतं. लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा दोन पानी कागद असतो: तिकडे कुठले विषय घेणार, इकडे त्याबदल्यात काय धरणार. विद्यार्थी, तिकडचं विद्यापीठ आणि आपण, अशा तीन सह्या. आपली सही करायच्या आधी अभ्यास मंडळाने बसून ती जुळणी मंजूर करायची आणि परीक्षा विभागाला तिची प्रत द्यायची. विषयाचं नाव जुळवत बसायचं नाही. साधारण त्याच पातळीचं आणि तेवढ्याच कष्टाचं काही शिकली का, एवढं बघायचं. अभ्यास मंडळाच्या सदस्यांना हे पटवायला वेळ लागतो. त्यांना वाटतं आपला 'पेपर तीन' शिकल्याशिवाय कोणी पदवीधर होऊच शकत नाही.

ट्विनिंग आणि दुहेरी पदवी यांचे यूजीसीचे नियम २०२२ मध्ये आले. ट्विनिंगमध्ये ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट बाहेरच्या विद्यापीठात करता येतात. पण त्याला आपल्या बाजूने नॅकचे (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे) किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरांत नंबर, असली अट आहे. तुमच्या विद्यापीठाचं अजून नॅकच झालेलं नाही, तेव्हा त्या पानावर सध्या वेळ घालवू नका. परदेशी विद्यापीठं इकडे आवार उघडतायत, गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलाँगाँग, गुरुग्रामला साउदम्प्टन, आणि आपलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२१ ला कतारमध्ये दोह्याला पोचलं. चांगलं आहे. तुम्हाला त्यातलं आज काही करायचं नाहीये.

दोन-तीन वर्षांपूर्वीची नाही, त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगते. १५ ऑगस्ट २०२१. इकडे झेंडावंदन झालं आणि तिकडे काबूल पडलं. पुण्यात अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि कोविडमुळे बरेच जण घरी जाऊन ऑनलाइन शिकत होते. दहा दिवसांनी सरकारने, भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधी दिलेले व्हिसा रद्द केले. यायचं तर नव्याने ई-व्हिसा. जे इथे होते त्यांचे घरून येणारे पैसे थांबले, कारण तिकडच्या बँकांचे व्यवहारच बंद पडले. जे तिकडे होते त्यांना यायची वाट नाही. आणि आमच्या सिस्टीमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फी बाकी असेल तर परीक्षेचा फॉर्म उघडत नसे. एक मुलगी रोज सकाळी काबूलहून व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठवायची: "मॅडम, फॉर्म उघडला का?" वीज असेल त्या तासाभरात तिला तो भरायचा होता.

त्या वेळी काय कामाला आलं? आमच्याकडे त्या भागातल्या विद्यापीठांशी करार नव्हता असं नाही. पण समोर होतं कोण, ते विद्यापीठ तरी उघडं होतं का, कोणाला माहीत. कामाला आली ती तेव्हाच्या कुलसचिवांची एक ओळ: 'फी थकबाकीपोटी परीक्षा अर्ज अडवू नये, हमी कक्षाची.' त्यांनी ती टिपणीच्या समासात पेनने लिहिली आणि खाली सही केली. ती टिपणी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन समितीपुढे गेली असती तर परीक्षा होऊन निकाल लागले असते. मुलीने परीक्षा दिली. ती आता तिसऱ्याच देशात शिकते आहे आणि तिथल्या विभागातून तिच्या मार्गदर्शक बाईंनी आमच्या विभागाला आपण होऊन पत्र लिहिलं, संयुक्त कामाबद्दल. त्या कामाचा पुढे करारही झाला. पगडी न घालता झाला, पोस्टाने.

म्हणून, साहेब, कक्षावर जो माणूस बसवाल त्याला सहीचा अधिकार द्या. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय कक्षाचा कारभार हमखास एखाद्या उत्साही प्राध्यापकाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून देतात. त्यांचा एक मित्र असतो, जर्मनीत नाहीतर जपानात. तो मित्र म्हणजे करार. प्राध्यापक निवृत्त झाले की करार निवृत्त. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी एक वेगळं मंडळच ठेवलंय, चांगली गोष्ट आहे. तुम्हाला तो कायदा लागू नाही, पण कल्पना उचला. मात्र मंडळ बैठक घेतं, फोन उचलत नाही. रात्री अकराला लोहगाव विमानतळावर उतरलेल्या मुलाला 'बाहेर पडू नकोस, पिवळ्या बोर्डाखाली थांब' असं सांगणारा माणूस पगारी हवा, कायम हवा, आणि तो सुट्टीवर गेला तर त्याच्या जागी कोण हे ठरलेलं हवं.

एजंटांबद्दल एकच वाक्य: प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मागणारा जो येईल त्याला चहा द्या आणि परत पाठवा, कारण त्याने तिकडे काय काय कबूल केलंय ते तुम्हाला सप्टेंबरमध्ये मुलाच्या तोंडून कळतं.

ट्रान्सक्रिप्टचं राहिलं. विद्यापीठाची बाहेर जी काही ओळख होते ती या एका लिफाफ्याने होते. मूल इथून जातं, पाच-सात वर्षांनी त्याला नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी सीलबंद ट्रान्सक्रिप्ट लागतं. मूल आता नैरोबीत आहे. त्याला 'स्वतः येऊन चलन भरा' असं उत्तर देणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. उलट आठवड्याच्या आत, शिक्कामोर्तब करून, थेट त्या परदेशी संस्थेला पाठवणारं कार्यालय असलं की त्या मुलाच्या गावातून पुढच्या वर्षी दोघं येतात. विद्यापीठाचं नाव मधे बदललं असेल तर (पुणे विद्यापीठाचं २०१४ मध्ये बदललं) ही दोन्ही नावं एकाच संस्थेची आहेत असं सांगणारं एक पत्र प्रत्येक लिफाफ्यात घाला. बाहेरचे लोक ते हटकून विचारतात. तुमचं नाव नवं आहे, तुम्हाला त्याची गरज नाही, पण संस्थापकांच्या वडिलांचं नाव द्यायचा विचार चालू आहे असं ऐकते. द्यायचं असेल तर पहिली तुकडी बाहेर पडायच्या आत देऊन टाका.

आणि ते सात करार एकदा नीट वाचा. त्यातले दोन ठेवा, ज्यांच्या पलीकडच्या माणसाचा ई-मेल चालू आहे आणि ज्यांचा विषय तुमच्या एखाद्या विभागाला खरोखर येतो. बाकीच्यांना दिवाळीचं शुभेच्छापत्र पाठवलं तरी चालेल. कक्षावर कोणाला बसवताय ते ठरलं की त्यांचा नंबर मला कळवा. ट्रान्सक्रिप्टचा नमुना, मेसच्या कंत्राटातली ती दोन कलमं आणि मायग्रेशनच्या आदेशाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, मी त्यांनाच थेट पाठवते.